छायेचा जमाखर्च

माणसाने चारचौघांत दोन गोष्टी कधीही कबूल करू नयेत. एक म्हणजे आपण बी.कॉम. आहोत, आणि दुसरी म्हणजे आपण पुस्तकं वाचतो. पहिली कबूल केली की सार्वजनिक गणपतीपासून निरोपसमारंभापर्यंत प्रत्येक वर्गणीचा हिशेब आपल्या गळ्यात पडतो. दुसरी कबूल केली की लोक आपल्याला ‘चार शब्द’ बोलायला उभं करतात. माझ्या हातून तरुणपणी या दोन्ही चुका झाल्या. त्याची फळं मी बँकेत वीस वर्षं भोगतो आहे. हा लेख त्यातलंच ताजं फळ.

त्याचं असं झालं. आमच्या शाखेत चहा आणणारे गृहस्थ गेल्या पावसाळ्यात अचानक गेले. सतरा वर्षं सकाळी अकराला आणि दुपारी साडेतीनला त्यांची किटली काउंटरच्या आत यायची. भिंतीवरचं घड्याळ त्या किटलीवर लावून घ्यावं इतका नेम. पण ते बँकेचे नोकर नव्हते, बँकेला चहा पाजणारे होते. त्यामुळे बँकेच्या कुठल्याही फंडात, कुठल्याही कलमाखाली ते बसत नव्हते. तेराव्यानंतर त्यांच्या जागी वहिनी किटली घेऊन येऊ लागल्या. थोरल्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळालेला, आणि फीचा पहिला हप्ता अठरा हजार रुपये महिन्याच्या आत भरायचा होता.

अशा वेळी शाखेतून एक लिफाफा फिरतो, प्रत्येक जण शेजारच्याने किती टाकले हे पाहून पन्नास कमी टाकतो, आणि प्रकरण मिटतं. पण आमच्या कर्ज विभागात एक फोटोग्राफर आहेत. त्यांना मी यापुढे फोटोग्राफरच म्हणेन, कारण ते स्वतःलाही तेच समजतात. कर्जाची प्रकरणं ते फक्त छंद म्हणून करतात. ते म्हणाले, “लिफाफा कशाला? रविवारी मी सगळ्यांचे फोटो काढतो. एकट्याचा दोनशे, कुटुंबाचा पाचशे. सगळे पैसे मुलीच्या फीला.”

कल्पना झकास होती. आज प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये चार-चार हजार फोटो असतात, पण त्यांत बटाटेवडे असतात, कुणाची तरी भाचरं असतात आणि चुकून दाबल्या गेलेल्या बटणामुळे निघालेले स्वतःचे अंगठे असतात. स्वतःचा म्हणून एक धड फोटो कुणाकडे नसतो. आपल्याकडे चांगला फोटो काढून घेणं म्हणजे हार घालून घेण्याची पूर्वतयारी, असा एक समज आहे.

शेजारच्या कार्यालयाच्या मालकांनी हॉल फुकट दिला. मी अर्थातच खजिनदार झालो. मग पोस्टरचा विषय निघाला.

“पोस्टरवर ती मुलगी हवी,” फोटोग्राफर म्हणाले. “हातात बापाची किटली, केस जरा विस्कटलेले, अंगावर जुना ड्रेस. आणि पुढल्या वर्षी तिचाच नर्सच्या गणवेशातला फोटो. शेजारी शेजारी! लोक रडत रडत पैसे देतील.”

यावर मी मान हलवली. ही हो म्हणणारी मान नव्हती आणि नाही म्हणणारीही नव्हती. बँकेत वीस वर्षं काढल्यावर तशी हलवता येते.

तेवढ्यात मॅनेजरसाहेब म्हणाले, “तुम्ही वाचता ना? मग उद्घाटनाला फोटो आणि दानधर्म यावर पाच मिनिटं बोला.” झालं! दुसरी चूक भोवली. मी कामाला लागलो, आणि आठवडाभर बँकेत टोकन आणि घरी एकोणिसावं शतक असा माझा दिनक्रम झाला.

फोटो विकून पैसा उभा करायचा तर आधी फोटो स्वस्त व्हायला हवा. ते काम पॅरिसच्या दिस्देरी नावाच्या फोटोग्राफरने केलं. त्याआधी फोटो म्हणजे एक मोठं प्रकरण असायचं. काढायला वेळ फार, पैसे फार, आणि कित्येक पद्धतींत एकच प्रत. हरवली की संपलं. दिस्देरीने १८५४ मध्ये एका युक्तीचं पेटंट घेतलं. कॅमेऱ्याला अनेक भिंगं लावायची, एकाच काचेवर आठ-आठ छोटे फोटो काढायचे, कागदावर छापून कापायचे आणि भेटकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर चिकटवायचे. साधारण चार इंच बाय अडीच इंच. फ्रेंच लोक त्याला ‘कार्त द व्हिजित’ म्हणत. पाच-सहा वर्षांत युरोप-अमेरिकेत त्याची साथ पसरली. लोक आपले फोटो वाटू लागले, राजाराण्यांचे विकत घेऊ लागले, आल्बम भरू लागले. ज्याने हे सुरू केलं तो दिस्देरी अमाप पैसा मिळवून अमाप उधळून १८८९ मध्ये कफल्लक अवस्थेत वारला. कर्ज विभागाच्या दृष्टीने यात बोध आहे, पण तो आमच्या फोटोग्राफरना सांगण्याचा धीर मला झाला नाही.

या कार्डांची खरी चलती झाली अमेरिकेच्या यादवी युद्धात. इतकी की १८६४ मध्ये तिथल्या सरकारने फोटोवर करच बसवला! पंचवीस सेंटपर्यंतच्या फोटोला दोन सेंटचं तिकीट, पन्नासपर्यंतच्याला तीन सेंटचं. हे तिकीट फोटोच्या पाठीवर चिकटवून रद्द करायचं. पुढून प्रियकर हसतोय आणि पाठीवर रेव्हेन्यू स्टॅम्प! वाचून मला त्या देशाविषयी एकदम आपलेपणा वाटला. दोन वर्षांनी, १८६६ मध्ये, तो कर उठला.

याच युद्धातली एक गोष्ट वाचताना मात्र माझा चहा निवला.

१ ते ३ जुलै १८६३ असे तीन दिवस पेन्सिल्व्हेनियातल्या गेटिसबर्ग गावी घनघोर लढाई झाली. ती संपल्यावर गावात एक सैनिक मरून पडलेला सापडला. ना नाव, ना पत्र, ना पलटणीची खूण. हातात फक्त काचेवरचा एक छोटा फोटो घट्ट धरलेला. फोटोत तीन मुलं होती. दोन मुलगे आणि एक मुलगी, धाकटा मुलगा मधोमध. मरताना त्याची नजर कुठे होती हे सांगायला दुसऱ्या पुराव्याची गरज नव्हती.

तो फोटो एका खानावळवाल्याकडे गेला आणि तिथून फिलाडेल्फियाच्या डॉ. बोर्न्स यांच्या हाती आला. डॉक्टरांनी ठरवलं, या मुलांना शोधायचं. पण वर्तमानपत्रांना तेव्हा फोटो छापता येत नसे. मग वर्तमानपत्राने काय करावं? १९ ऑक्टोबर १८६३ च्या ‘फिलाडेल्फिया इन्क्वायरर’ने तो फोटो शब्दांत छापला. मुलांची वयं अंदाजे किती, कोण कुठे बसलंय, थोरल्याच्या सदऱ्याचं आणि बहिणीच्या झग्याचं कापड एकच कसं आहे, आणि शेवटी प्रश्न असा की यांचा बाप कोण? एका कापडात भावाबहिणीचे दोन कपडे बेतणारी आई या वर्णनावरून आपली मुलं ओळखणार नाही तर कोण? न्यूयॉर्क राज्यातल्या पोर्टव्हिल गावी फिलिंडा ह्युमिस्टन या बाईच्या हाती तो मजकूर एका धार्मिक नियतकालिकातून पडला. तिने नवऱ्याला असाच फोटो पाठवला होता, आणि लढाईनंतर त्याचं पत्र नव्हतं. खात्रीसाठी डॉक्टरांनी तिला फोटोची कागदी प्रत धाडली. नोव्हेंबरात ती पोचली, आणि एका पाकिटातून त्या बाईला मुलांचा फोटो आणि स्वतःचं वैधव्य दोन्ही एकदम मिळालं. मुलांची नावं फ्रँक, अॅलिस आणि फ्रेड. वयं आठ, सहा आणि चार. बापाचं नाव सार्जंट एमॉस ह्युमिस्टन, १५४ वी न्यूयॉर्क पलटण.

इथे गोष्ट संपवली तर डोळे पुसून उठता येतं. पण मी पडलो खजिनदार. मी पुढची पानं उलटली.

त्या फोटोच्या हजारो प्रती निघाल्या. मुलांवर गाणं झालं, त्याचे कागद खपले. मिळकत सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी, असं जाहीर झालं होतं. त्या पैशांतून आणि देणग्यांतून १८६६ मध्ये गेटिसबर्गलाच अनाथाश्रम उघडला. फिलिंडाबाई स्वतः तिन्ही मुलांना घेऊन तिथे राहायला आणि कामाला गेल्या. तीन वर्षांनी त्यांनी दुसरं लग्न केलं आणि त्या तिथून निघाल्या. हे बरंच झालं म्हणायचं, कारण पुढच्या वर्षी तिथे एक नवी व्यवस्थापिका आली. मुलांना मारझोड, तळघरात कोंडणं असले प्रकार बाहेर आले. १८७६ मध्ये तिच्यावर मुलाला मारल्याचा गुन्हा शाबीत झाला. खुद्द डॉ. बोर्न्सवर पैशांच्या अफरातफरीचे आरोप झाले, आणि १८७७ मध्ये आश्रमाला कुलूप लागलं. ज्या फोटोने एका बेवारस मृताला नाव मिळवून दिलं, त्याच फोटोच्या पैशांना शेवटी वाली उरला नाही.

मी ही गोष्ट रात्री बायकोला सांगितली. ती डाळ निवडत होती. म्हणाली, “पावत्या ठेवल्या नसतील.” इतिहासाचा एवढा थोडक्यात निकाल कुठल्याही प्राध्यापकाने लावलेला नसेल.

त्याच युद्धात आणखी एक फोटोविक्री झाली. लुइझियाना तेव्हा ज्यांच्या अमलाखाली होतं त्या सेनापतींचं नाव जनरल बँक्स. (हे मी बनवलेलं नाही. असं नाव असलेल्या माणसाने सैन्यात जावं आणि आम्ही इथे बसावं, हा दैवाचा खेळ.) गुलामीतून सुटलेल्या मुलामाणसांच्या शाळांसाठी पैसे हवे होते. म्हणून १८६३ च्या अखेरीस न्यू ऑर्लिन्सहून आठ मुक्त गुलामांना उत्तरेत आणलं, त्यांचे फोटो काढले आणि छोटं कार्ड पंचवीस सेंटला विकायला ठेवलं. निव्वळ नफा शिक्षणाला जाईल, असं कार्डावरच छापलं होतं. हेतू सोन्यासारखा. पण त्या आठांत तीन-चार मुलं मुद्दाम अशी निवडली होती की ती दिसायला अगदी गोरी असावीत. गोऱ्या गिऱ्हाइकाला आपलंच पोर दिसलं की तो लवकर द्रवतो, हा हिशेब. आणि गंमत पाहा, त्याच मुलांना फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलने, ही गुलामांची पोरं आहेत हे कळताच, बाहेर काढलं. फोटो चालतो, माणूस चालत नाही.

इथपर्यंत मी परक्याच्या पापावर मान डोलवत होतो. पुढचं पान उघडलं आणि आमच्या फोटोग्राफरचं पोस्टर माझ्यासमोर उभं राहिलं!

लंडनच्या पूर्व भागात टॉमस बार्नार्डो नावाचे डब्लिनहून आलेले गृहस्थ रस्त्यावरच्या पोरांसाठी काम करत. १८७० मध्ये त्यांनी स्टेपनी कॉजवे इथे मुलांसाठी घर उघडलं आणि फोटोग्राफर नेमला. मुलांच्या फोटोंची कार्डं निघू लागली. एक कार्ड सहा पेन्स, वीस कार्डांचा संच पाच शिलिंग. (मी लगेच आकडेमोड केली. संचात कार्ड तीन पेन्सला पडतं. घाऊक करुणेला निम्मा भाव.) यांतली सगळ्यांत गाजलेली कार्डं जोडीची होती. पहिल्यात आश्रमात येण्यापूर्वीचा मुलगा, फाटका, मळका, कोपऱ्यात बसलेला. दुसऱ्यात आश्रमात आल्यानंतरचा तोच, स्वच्छ, कामात गढलेला. आधी आणि नंतर. लोक रडत रडत पैसे देत.

पुढे बोभाटा झाला की हे दोन्ही फोटो कधी कधी एकाच सुमाराला काढले जातात, आणि कपडे फाटके नसले तर फाडले जातात. एका मुलीला अनवाणी उभं करून रस्त्यावर वर्तमानपत्रं विकणारी पोर म्हणून दाखवलं होतं. तिने आयुष्यात कधी वर्तमानपत्र विकलेलं नव्हतं, आणि तिच्या आईला ते कार्ड पाहून संताप आला. लोकांना दया आली ती मुलीची. अब्रू गेली ती आईची. प्रकरण लवादापुढे गेलं. बार्नार्डोंचं म्हणणं असं की हा एका मुलाचा फोटो नाही, तसल्या हजारो मुलांच्या अवस्थेचा आहे. १८७७ मध्ये लवादाने त्यांना बहुतेक आरोपांतून मोकळं केलं, पण या फोटोंना कलात्मक बनावट ठरवून ठपका ठेवला. मग जोडकार्डं बंद झाली. साधे फोटो मात्र चालू राहिले. येणाऱ्या मुलाचा फोटो आणि त्याची हकिकत असं दप्तर ठेवलं गेलं, आणि १९०५ मध्ये बार्नार्डो वारले तोपर्यंत त्यात सुमारे ५५,००० फोटो जमले होते. त्यांनी हजारो पोरं रस्त्यावरून उचलली हे खरंच आहे. म्हणून तर हे प्रकरण मनाला जास्त लागतं. लबाड माणसाने लबाडी केली तर आपण पोलिसात जातो. भल्या माणसाने भल्यासाठी केली तर कुठे जायचं?

तुम्ही म्हणाल, हे सगळं साहेबाच्या मुलखातलं. आपल्याकडे फोटोग्राफर आणि धर्मादाय पैसा यांची गाठ पडलीच नाही की काय? पडली, आणि तीही गिरगावात. हरिश्चंद्र चिंतामण हे मुंबईचे जुने नामांकित फोटोग्राफर आणि मुंबईच्या आर्यसमाजाचे अध्यक्ष. फेब्रुवारी १८७९ मध्ये कर्नल ऑल्कॉट आणि मॅडम ब्लाव्हॅट्स्की अमेरिकेहून मुंबईत उतरले ते यांच्याच भरवशावर. त्यांनी आर्यसमाजासाठी म्हणून यांच्याकडे सहाशेच्या वर रुपये आधीच पाठवले होते. इथे आल्यावर कळलं की ते समाजापर्यंत पोचलेच नाहीत. वर यजमानांनी पाहुण्यांना पाहुणचाराचं बिल दिलं. त्यात भाडं, जेवण, नोकरांचा पगार, घराची दुरुस्ती, स्वागतसमारंभाच्या तीनशे खुर्च्यांचं भाडं, आणि ‘लवकर या’ म्हणून यांनीच केलेल्या तारेचा खर्चसुद्धा! ऑल्कॉटसाहेबांनी हे लिहून ठेवलंय. एक मात्र कबूल केलं पाहिजे. बिल तपशीलवार होतं. आमच्याकडे एवढा तपशील दिवाळीच्या फराळाच्या बिलातही नसतो.

एव्हाना माझी अवस्था अवघड झाली होती. भाषण तयार होत होतं, पण ते असं, की उद्घाटनाला ते केलं तर लोक पैसे परत मागतील. कुठेतरी एखादा ताळेबंद जुळलेला सापडावा म्हणून मी आणखी चाळत बसलो, आणि एक म्हातारी भेटली.

तिचं नाव सोजर्नर ट्रुथ. हे नाव तिनेच स्वतःला १८४३ मध्ये दिलेलं. न्यूयॉर्क राज्यात डच बोलणाऱ्या मालकाकडे गुलाम म्हणून जन्मली. नऊ वर्षांची असताना तिला शंभर डॉलरला विकलं; आणि सोबत मेंढरांचा एक कळप होता. शंभरात मुलगी किती आणि मेंढरं किती, याची फोड मिळत नाही. १८२६ मध्ये ती तान्ही मुलगी कडेवर घेऊन मालकाचं घर सोडून चालत निघाली. पुढे गावोगाव फिरून गुलामगिरीविरुद्ध आणि बायकांच्या हक्कांसाठी बोलू लागली. लिहितावाचता येत नव्हतं, पण व्यवहार असा चोख की आमच्या ऑडिटरने पाया पडावं.

युद्धाच्या काळात तिनेही आपले फोटो काढून घेतले आणि विकले. पण कसे? अंगावर फाटकं नाही, हातात बेडी नाही, पाठीवर वळ नाहीत. चष्मा लावलेला, पांढरी शाल, स्वच्छ टोपी, कधी हातात विणकाम, शेजारी टेबलावर पुस्तक. एखाद्या घरंदाज आजीबाई बसाव्यात तशी बसलेली. आणि खाली एक ओळ छापलेली, तिचा भावार्थ असा की मी माझी छाया विकते ती देहाच्या पोषणासाठी. त्या काळी फोटोवर हक्क सांगायचा तो सहसा फोटो काढणाऱ्याने. हिने १८६४ मध्ये तो स्वतःच्या नावावर नोंदवला. ती म्हणत असे की पूर्वी मला विकायचे आणि फायदा दुसऱ्यांचा व्हायचा. आता मीच मला विकते आणि फायदा माझा. माल तिचा, दुकान तिचं, गल्ला तिचा. वाचकहो, बी.कॉम.च्या तीन वर्षांत मालकीची व्याख्या मला इतकी स्वच्छ कुणी शिकवली नव्हती.

मी उत्साहाने बायकोला उठवलं. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अहो, ते सगळं खरं. पण तुमच्या त्या पोस्टरचं त्या मुलीला विचारलंत का?”

मी गप्प. दीडशे वर्षांपूर्वीच्या लंडनमधल्या आईचा राग मला कळला होता, आणि रोज अकराला चहा घेऊन येणाऱ्या बाईला विचारायचं सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी आणि फोटोग्राफर वहिनींच्या घरी गेलो. एका खोलीचं घर. भिंतीवर त्यांचा फोटो होता, आधार कार्डावरचा मोठा करून लावलेला. त्यामुळे नाक पसरलेलं आणि डोळे पोलिसांनी पकडून आणल्यासारखे. सतरा वर्षं हसतमुखाने चहा देणारा माणूस भिंतीवर ओळखू येत नव्हता. फोटोग्राफर त्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांनी सतरा वर्षांत शाखेतल्या प्रत्येक निरोपसमारंभाचे फोटो काढले होते. त्या प्रत्येक समारंभात कपबशा घेऊन हे गृहस्थ हजर होते, आणि एकाही फोटोत नव्हते.

मुलीला मी चाचरत चाचरत पोस्टरचं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं.

“काका,” ती म्हणाली, “फोटोचं काही नाही. पण किटली मी कधी उचललीच नाही. बाबा हात लावू द्यायचे नाहीत. म्हणायचे, तू पुस्तक धर.”

यावर कुणी काय बोलायचं! फोटोग्राफर बोलणारा माणूस, पण तेही बुटाच्या लेसकडे बघत बसले. शेवटी तीच म्हणाली, “त्या दिवशी मी येते की. टेबलावर बसून रजिस्टर लिहीन. माझं अक्षर चांगलं आहे.”

परत येताना फोटोग्राफर म्हणाले, “पोस्टरशिवाय पैसे कमी जमतील बरं.”

“जमू देत,” मी म्हणालो. खजिनदाराने असं बोलणं हा शिस्तभंग आहे, पण बोलून गेलो.

शेवटी पोस्टरवर एक रिकामी खुर्ची छापली. खाली लिहिलं, ‘या, बसा. फोटो काढू. पैसे एका मुलीच्या फीसाठी.’ दोघांनी फोन करून खुर्चीची किंमत विचारली.

रविवारी उद्घाटन झालं. पाच मिनिटांपैकी साडेचार मिनिटं मॅनेजरसाहेबांनीच प्रास्ताविकात घेतली. उरलेल्या अर्ध्या मिनिटात मी “पावती घ्यायला विसरू नका” एवढंच सांगितलं. म्हणून तर न केलेलं भाषण इथे तुमच्या माथी मारतो आहे.

लोक मात्र आले. पेन्शनर आले, ते बायकोला पुढे ढकलून स्वतः मागे उभे राहिले. लॉकरवाल्या आजी नऊवारी नेसून आल्या आणि “हसू नका, कवळी नवी आहे” असं स्वतःलाच बजावत बसल्या. आमच्या हेडकॅशियरना फोटोत हसवायला एक तास लागला. शेवटी कुणीतरी “कॅश जुळली” म्हणालं तेव्हा ते हसले. मुलगी टेबलाशी बसून नावं लिहीत होती आणि मी पावत्या फाडत होतो. अक्षर खरंच चांगलं होतं.

संध्याकाळी दिवे आवरायच्या वेळी वहिनी आल्या. दिवसभर चहा त्यांचाच होता, आणि त्याचे पैसे घ्यायला त्या तयार नव्हत्या. (मला ते ‘वस्तुरूपाने देणगी’ म्हणून दाखवावे लागले.) आता पदराची गाठ सोडून त्यांनी शंभराच्या दोन नोटा टेबलावर ठेवल्या.

“वहिनी, अहो, हे तुमच्याच मुलीसाठी चाललंय. तुम्ही कसले पैसे देता?”

“म्हणून काय फुकट काढून घेऊ?” त्या म्हणाल्या. “हे गेले तेव्हा लावायला धड फोटो नव्हता, भाऊजी. माझा एक असू दे. पोरीला त्रास नको.”

मी पावती फाडली. नंबर सदुसष्ट. फोटोग्राफरनी दिवे पुन्हा लावले. हेडकॅशियरना तासभर लावणाऱ्या त्या माणसाने वहिनींसाठी किती वेळ घेतला ते मी पाहिलं नाही. मी हिशेब करत होतो, निदान तसं दाखवत होतो.

आता हिशेब. एकट्यांचे फोटो ५८, रुपये ११,६००. कुटुंबांचे ९, रुपये ४,५००. एकूण जमा १६,१००. खर्च, प्रिंट ६७, दर तीस, रुपये २,०१०. निव्वळ शिल्लक १४,०९०. चेक परस्पर कॉलेजच्या नावे, दोन आडव्या रेघा मारून. अठरा हजारांना ३,९१० कमी पडले, ते आम्ही सहा जणांनी वाटून घेतले. त्यातला मोठा वाटा फोटोग्राफरनी उचलला आणि कुणाला सांगू नका म्हणाले. म्हणून इथे सांगतो आहे.

किटलीवालं पोस्टर लावलं असतं तर हे ३,९१० कदाचित वर जमले असते. तो न काढलेला फोटो नावे मांडायचा की जमेला, यावर मी दोन रात्री विचार केला. शेवटी जमेला मांडला, रक्कम निरंक. मॅनेजरसाहेबांनी हिशेबावर सही करताना त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, “हे काय?”

मी मान हलवली. ती तशी हलवता येते, हे मघाशी सांगितलंच आहे.